वचनाचे नियम पाठ आहेत, तरी गुण का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तलाठी भरती आणि लोकसेवा आयोगाची गट क, या दोन्ही परीक्षांची तयारी चालू आहे. ‘वचन’ हा धडा पाठ आहे, आकारान्त पुल्लिंगीचं एकारान्त होतं वगैरे सगळं येतं, पण सराव चाचणीत याच भागातले प्रश्न चुकतात. ‘केळी’ एकवचन की अनेकवचन, ‘मुलगा’चं अनेकवचन मुले की मुलगे, आणि ‘प्रत्येक विद्यार्थ्यांनी’ यात चूक काय, ही तीन उदाहरणं तुम्ही दिलीत. शेवटी विचारलंत की अपवादांची पूर्ण यादी कुठे मिळेल.

यादीपासूनच सुरू करतो. पूर्ण यादी मिळणार नाही, आणि मिळाली तरी तुम्हाला वाटतो तेवढा तिचा उपयोग नाही. मी स्पर्धा परीक्षांसाठी मराठी व्याकरण शिकवतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेल्यांचे चुकलेले प्रश्न समोर घेऊन बसलो की बहुतेक वेळा असं दिसतं, की नियम माहीत होता. फक्त तो चुकीच्या शब्दाला लावला गेला. शब्दाचं लिंग ठरवण्याआधीच त्याचं वचन बदलायला घेतलं, किंवा वाक्यातलं क्रियापद न बघता नुसत्या नामाकडे बघून उत्तर ठरवलं. मराठीत नामाचं वचन पुष्कळदा नामाच्या अंगावर दिसतच नाही. ते त्याच्या शेजाऱ्यांकडून, म्हणजे सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद यांच्याकडून कळतं. तुमची अडचण वचनाची कमी आणि या मेळाची जास्त आहे.

काही गोष्टी परीक्षेवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. २०२३ची तलाठी भरतीची परीक्षा १०० प्रश्नांची होती, त्यातले २५ मराठीचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. अशा परीक्षेत एका शब्दाचे सरळ प्रश्न सोडून देण्यात अर्थ नसतो. आयोगाच्या वस्तुनिष्ठ परीक्षांत चुकीच्या उत्तराला पाव हिस्सा गुण वजा होतात, आणि तिथे विधानं देऊन ‘यांपैकी अयोग्य कोणते’ असं विचारण्याची पद्धत आहे. तिथे अर्धवट माहितीवर मारलेला तीर महागात पडतो. दुसरी गोष्ट तुमच्या घरच्या बोलीची. घरी ‘ते आले नाही’, ‘लोकं म्हणतात’ असं बोललं जात असेल तर त्यात काही वावगं नाही, पण परीक्षेला प्रमाण लेखनातलं रूप हवं असतं. आपल्या बोलीत नेमकं कुठे वेगळं होतं, तेवढं प्रत्येकानं स्वतःचं स्वतः हेरून ठेवावं.

आता मूळ मुद्दा. घोडा आणि शाळा हे दोन्ही शब्द आकारान्त. एकाचं ‘घोडे’ होतं, दुसरा तसाच राहतो. लाडू, लिंबू, सासू हे तिन्ही ऊकारान्त. पण लाडू लाडूच राहतो, लिंबाची लिंबे होतात आणि सासूच्या सासवा. हत्ती आणि नदी दोन्ही ईकारान्त. दहा हत्ती, पण दहा नद्या. म्हणजे शेवटचं अक्षर बघून काही ठरत नाही. ठरतं ते लिंगावरून. म्हणून वर्गात मी एक सक्ती करतो: शब्द दिसला की अनेकवचनाचा विचार करायच्या आधी त्याच्यापुढे तो, ती किंवा ते लावायचं, मोठ्यानं. मग त्याच सर्वनामाचं अनेकवचन लावायचं. ‘तो’चं ते, ‘ती’चं त्या, ‘ते’चं ती. तो घोडा, ते घोडे. ती शाळा, त्या शाळा. ते लिंबू, ती लिंबे.

खरा घोळ या सर्वनामांतच दडलेला आहे, म्हणून इथे जरा थांबा. ‘ते’ हे नपुंसकलिंगी एकवचनही आहे आणि पुल्लिंगी अनेकवचनही. ‘ती’ हे स्त्रीलिंगी एकवचन आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही. विशेषणांचंही तसंच: ‘चांगली मुलगी’ एकवचन, ‘चांगली फुले’ अनेकवचन. ‘चांगले फूल’ एकवचन, ‘चांगले मुलगे’ अनेकवचन. नुसतं ‘ती चांगली’ एवढं वाचून वचन सांगता येत नाही. प्रश्न काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून पर्यायांत तो अशीच रूपं ठेवतो. शंका वाटली की पुढे ‘एक’ आणि ‘दोन’ लावून बघा. ‘एक मुलगी’ बसतं, ‘एक फुले’ बसत नाही. संपला वाद.

आता तुमची केळी. केळ म्हणजे झाड, ती केळ, त्या केळी. केळे म्हणजे फळ, ते केळे, ती केळी. दोन वेगळे शब्द, दोन वेगळी लिंगं, आणि अनेकवचनात दोघांचं रूप एकच. म्हणून ‘केळी’ असा सुटा शब्द देऊन प्रश्न आला तर तो अनेकवचन आहे एवढं म्हणता येतं. तो झाडाचा की फळाचा हे वाक्याशिवाय कळत नाही. ‘अंगणात केळी लावल्या’ म्हटलं की ‘लावल्या’वरून झाडं. ‘मी केळी खाल्ली’ म्हटलं की फळं. आणि ‘केळीला केळी लागली’ या वाक्यातलं पहिलं ‘केळी’ तर अनेकवचनही नाही. ते ‘केळ’ या झाडाच्या एकवचनाचं सामान्यरूप आहे, पुढे ‘ला’ जोडण्यासाठी बदललेलं.

मुलगा, मुलगी आणि मूल हे तीन शब्द वेगळे धरा. तो मुलगा, ते मुलगे. ती मुलगी, त्या मुली (इथे ‘मुलग्या’ होत नाही). ते मूल, ती मुले. बोलताना आपण मुलग्यांनाही ‘मुलं’ म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. पर्यायांत मुलगे आणि मुले दोन्ही असतील तर ‘मुलगा’चं उत्तर मुलगे. आणि मी इथे ‘मुलं’, ‘असतं’ असं अनुस्वार देऊन लिहितोय ते बोलण्याच्या ओघातलं आहे. परीक्षेत मुले, असते असंच लिहायचं आणि तेच निवडायचं. याच घरातला आणखी एक मजेशीर शब्द माणूस. तो माणूस आला, पण ती माणसे आली. एकवचनात पुल्लिंगी असलेला शब्द अनेकवचनात नपुंसकलिंगी वागतो. ‘दहा माणसे आले’ हे वाक्य शुद्ध-अशुद्धच्या प्रश्नात बसवायला अगदी सोयीचं आहे, कारण वाचताना ते खटकत नाही.

लिंगाबद्दल एक सूट मान्य करायला हवी. काही शब्दांचं लिंगच दोन तऱ्हांनी चालतं. बाग काही जण ‘तो’ म्हणतात, काही ‘ती’. ती बाग असेल तर त्या बागा, तो बाग असेल तर ते बाग. पेनाचंही तेच, कुणाचा तो पेन, कुणाचं ते पेन. वेळ हा शब्द अर्थानुसार बदलतो: ‘बराच वेळ गेला’ यात पुल्लिंगी आणि मोजता न येणारा, ‘जेवणाच्या वेळा’ यात स्त्रीलिंगी आणि मोजता येणारा. अशा शब्दांवर नीट काढलेल्या प्रश्नात लिंग दाखवणारा शब्द सोबत दिलेला असतो. तो शोधा.

स्त्रीलिंगी अकारान्त शब्द हा सगळ्यांचा नावडता भाग. वीट-विटा, पण भिंत-भिंती. सून-सुना, पण म्हैस-म्हशी. लाट-लाटा, पण भेट-भेटी. पुस्तकात लिहिलेलं असतं की काहींचं आकारान्त होतं, काहींचं ईकारान्त होतं, आणि पुढे दोन रकाने. मुलं ते रकाने पाठ करतात. मला विचाराल तर पाठ करायची गरज नाही, कारण उत्तर तुमच्या कानात आधीच आहे. शब्दाला ‘ला’ किंवा ‘त’ किंवा ‘वर’ जोडून म्हणून बघा. विटेला, सुनेला, लाटेवर, तारखेला, जिभेवर, बँकेत, बागेत: मध्ये ‘ए’ आला की अनेकवचन आकारान्त. विटा, सुना, लाटा, तारखा, जिभा, बँका, बागा. भिंतीवर, म्हशीला, भेटीला, विहिरीत, इमारतीत: मध्ये ‘ई’ आला की अनेकवचन ईकारान्त. भिंती, म्हशी, भेटी, विहिरी, इमारती. ‘तारखेला’ म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही, आणि ज्याला ‘तारखेला’ म्हणता येतं त्याला ‘तारखी’ हा पर्याय फसवू शकत नाही. या युक्तीला दगा देणारे शब्द आहेत. चूक: ‘चुकीचे उत्तर’ म्हणतो, पण अनेकवचन चुका. बंदूक: बंदुकीची गोळी, पण बंदुका. हे दोन लक्षात ठेवा, वाचताना आणखी सापडले तर वहीत त्यांच्याच खाली लिहा. ही यादी दोन रकान्यांपेक्षा कितीतरी लहान राहते.

स्त्रीलिंगी ईकारान्तांत नदी-नद्या, काठी-काठ्या, स्त्री-स्त्रिया हा सरळ रस्ता. त्यात न बदलणारे शब्द बहुतेक संस्कृतातून आलेले: व्यक्ती, दृष्टी, कृती, मूर्ती, युवती, भगिनी. पण संस्कृतातून आला म्हणजे बदलणार नाहीच असंही नाही, नदी आणि स्त्री तिथलेच. इथे ‘त्या’ लावून कानाला विचारा. ‘त्या व्यक्ती’ बसतं. ऊकारान्तांत सासू-सासवा, जाऊ-जावा, पिसू-पिसवा, जळू-जळवा, आणि न बदलणारे वस्तू, बाजू, वधू. ओकारान्तात परीक्षेला लागणारा शब्द एकच, बायको-बायका. ‘बाई’चं पुस्तकी अनेकवचन बाया, हेही इथेच नोंदवून ठेवा. नपुंसकलिंगी शब्द फार त्रास देत नाहीत: घर-घरे, पाखरू-पाखरे, गाणे-गाणी, नाणे-नाणी, फक्त आसू-आसवे आणि गळू-गळवे यांत मध्ये ‘व’ येतो. पुल्लिंगीत आकारान्त सोडून सगळे जसेच्या तसे: देव, कवी, शत्रू, लाडू, विद्यार्थी. आकारान्तांतही काका, मामा, दादा अशी नाती बदलत नाहीत.

नेहमी एकवचनी आणि नेहमी अनेकवचनी शब्दांवर फार वेळ घालवू नका. सोने, तांबे, पाणी, साखर यांसारखी पदार्थांची नावं आणि धैर्य, शांतता यांसारखी भाववाचक नामं एकवचनी. सोने आणि तांबे एकारान्त नपुंसकलिंगी असूनही त्यांचं ‘सोनी’, ‘तांबी’ होत नाही, एवढा सापळा ध्यानात ठेवा. डोहाळे, कांजिण्या, शहारे, रोमांच, हाल, क्लेश हे नेहमी अनेकवचनी. आभारही मानले जातात, ‘मानला’ जात नाही. विशेषनामाचं अनेकवचन होत नाही, आणि झालंच, जसं ‘आमच्या वर्गात तीन स्नेहा आहेत’, तर तिथे ते सामान्यनामासारखं वापरलंय असं उत्तर अपेक्षित असतं. ‘यंदा देवगडचा आंबा बाजारात उशिरा आला’ यात आंबा एकवचनी आहे, अर्थ मात्र साऱ्या पिकाचा. क्रियापद एकवचनी, म्हणून वचन एकवचन. अर्थाच्या मागे गेलात तर चुकाल.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी तो-ती-ते, मग ते-त्या-ती, शंका असेल तर एक-दोन, आणि स्त्रीलिंगी अकारान्ताला ‘ला’. सुट्या शब्दांचे बहुतेक प्रश्न यात निघतात. गुण खरे जातात ते पुढच्या भागात, वाक्यांत.

हे वाक्य बघा: जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू केली. आता ‘केली’च्या जागी ‘केल्या’ लिहा. दुसरा एकही शब्द बदलला नाही, तरी एका शाळेच्या अनेक शाळा झाल्या. ‘शाळा’ शब्द दोन्हीकडे अगदी सारखा. कर्ते दोन, पण त्यांचा क्रियापदाशी मेळच नाही, कारण हा कर्मणी प्रयोग आहे आणि क्रियापद कर्माच्या मागे चालतं. असंच ‘पोलिसांनी चोर पकडला’ आणि ‘पोलिसांनी चोर पकडले’. चोर तोच, वचन क्रियापदानं सांगितलं. पण ‘पोलिसांनी चोरांना पकडले’ म्हटलं की भावे प्रयोग झाला; कर्माला ‘ना’ लागला, त्याचा क्रियापदाशी संबंध तुटला, आणि आता चोर एक असो की दहा, क्रियापद ‘पकडले’च राहणार. तिथे वचन ‘चोराला’ आणि ‘चोरांना’ यांच्या फरकात शोधायचं.

यातून एक उपयोगी सवय लागते. वाक्यात मेळाची चूक शोधायची असेल तर क्रियापदापासून मागे या, आणि प्रत्यय न लागलेलं नाम शोधा. क्रियापद त्याच्याशीच जुळायला हवं. ‘मला आंबे आवडतात’ यात आवडणारा मी एकटाच, पण ‘मला’वर प्रत्यय आहे, आंबे कोरे, म्हणून ‘आवडतात’. याच कारणानं ‘मला चार पुस्तके पाहिजेत’, ‘पाहिजे’ नव्हे. ‘ते अजून आले नाहीत’, ‘नाही’ नव्हे. पाहिजेत आणि नाहीत ही दोन रूपं बोलण्यात इतकी गळून पडली आहेत की चुकीचं वाक्य वाचूनही कानाला काही जाणवत नाही. इथे मात्र कानावर विसंबू नका.

हीच सवय समूहवाचक नामांना लावा. ‘हत्तींचा कळप उसात शिरला.’ हत्ती अनेक, पण हत्तींना ‘चा’ लागलाय. कोरा शब्द कळप, एकवचनी, म्हणून शिरला. ‘पुस्तकांचा ढीग लागला’ आणि ‘पुस्तकांचे ढीग लागले’ दोन्ही शुद्ध, कारण ढीग हा शब्द दोन्ही वचनांत सारखा आणि ‘चा’-‘चे’ त्याचं वचन सांगतात. ‘पुस्तकांचा ढीग लागले’ हे अशुद्ध. ‘उमेदवारांपैकी एक गैरहजर होता’, ‘होते’ नव्हे, कारण मेळ ‘एक’शी आहे. शेजारी आलेला अनेकवचनी शब्द क्रियापदाला आपल्याकडे ओढतो, आणि चुकीचा पर्याय त्यावरच उभा केलेला असतो.

चा-ची-चे यांच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण इथे एका शब्दात दोन नामांची वचनं असतात. विद्यार्थ्याची वही, विद्यार्थ्याच्या वह्या, विद्यार्थ्यांची वही, विद्यार्थ्यांच्या वह्या. चारही शुद्ध, चारही अर्थ वेगळे. प्रत्ययाचं रूप पुढच्या नामाचं वचन सांगतं, आणि त्याआधीचा अनुस्वार मागच्या नामाचं. हा अनुस्वार शोभेचा नाही. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांत तो स्पष्ट सांगितला आहे: अनेकवचनी सामान्यरूपाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना अनुस्वार द्यायचा. लोकांना, घरांपुढे. आदरार्थी अनेकवचनालाही द्यायचा, म्हणून मुख्यमंत्र्यांना, वडिलांनी. आणि म्हणूनच ‘दोन दिवसांत’, ‘चार वर्षांपूर्वी’. दोन असताना ‘दिवसात’ लिहिलेलं असेल तर शुद्धलेखनाच्या प्रश्नात ते अशुद्ध.

आता तुमचं ‘प्रत्येक विद्यार्थ्यांनी’. शाळा-महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर हे इतकं दिसतं की ते बरोबरच वाटू लागतं. ‘प्रत्येक’ एकेकाला वेगळं काढतो, म्हणून त्याच्यामागे एकवचन: प्रत्येक विद्यार्थ्याने ओळखपत्र आणावे. अनेकवचन हवं असेल तर ‘सर्व विद्यार्थ्यांनी’. ‘प्रत्येकांनी’ हेही चूक, ‘प्रत्येकाने’ हवं. ‘एकही’ आणि ‘दर’ यांचंही तसंच. उलट ‘अनेक विद्यार्थ्याने’ चूक, ‘अनेक विद्यार्थ्यांनी’ बरोबर. इथे प्रयोग बघायचीही गरज नाही.

‘लोक’ हा शब्द परीक्षेपुरता पक्का करून ठेवा. ते लोक आले. लोक हाच पुल्लिंगी अनेकवचनी शब्द आहे, त्यावर पुन्हा अनुस्वार देऊन ‘लोकं’ करायचं नाही, आणि ‘ती लोकं आली’ तर मुळीच नाही. मित्रांशी बोलताना हवं तसं म्हणा.

आदरार्थी अनेकवचन तुम्हाला येतच असेल. गुरुजी आले, बाई आल्या, माझे वडील शेतावर गेले. एकाच व्यक्तीबद्दल असूनही क्रियापद आणि विशेषण दोन्ही अनेकवचनी हवीत. ‘माझा वडील गेले’ असं कुणी लिहीत नाही, पण लांब वाक्यात पहिल्या अर्ध्यात ‘ते म्हणाले’ आणि दुसऱ्या अर्ध्यात ‘त्याने सांगितले’ असं घसरलेलं वाक्य अशुद्ध म्हणून विचारता येतं. तुम्ही-आपणचंही तसंच, समोर एकच माणूस असला तरी ‘तुम्ही केव्हा आलात?’

दोन कर्ते ‘आणि’नं जोडलेले असतील तेव्हा काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल. एकाच लिंगाचे असतील तर त्या लिंगाचं अनेकवचन, यात वाद नाही. स्त्री-पुरुष एकत्र असतील तर नपुंसकलिंगी अनेकवचन, ‘नवरा-बायको आली’, ही जुनी रीत, आणि आज ‘आले’ही तितकंच चालतं. निर्जीव वस्तू असतील तर क्रियापद बहुधा जवळच्या नामाशी जुळतं: ‘एक कपाट आणि दोन खुर्च्या विकल्या’. ‘किंवा’ असेल तर शेवटच्याशी. या भागात प्रश्न निघालाच तर चुकीचे पर्याय खोडत उत्तराकडे या, थेट नियमानं जाऊ नका. ‘सर्वांनी मान डोलावली’ की ‘माना डोलावल्या’, अशा ठिकाणी तर मराठी दोन्ही चालवून घेते. त्यात वाद घालत बसू नका.

उत्तरतालिका आल्यावर तुमचं उत्तर आणि तालिकेतलं उत्तर वेगळं निघालं तर चिडून उपयोग नाही. हरकत नोंदवायची मुदत असते, आणि हरकतीला मान्यताप्राप्त व्याकरणाच्या पुस्तकाचा आधार जोडावा लागतो. शिकवणीच्या टिपणाचा नाही. म्हणून एक प्रमाणभूत व्याकरण शेवटपर्यंत जवळ ठेवा आणि वादाच्या शब्दांपाशी त्यातलं पान नोंदवून ठेवा. दोन रूपं खरोखरच चालत असतील तर तसं लिहून मागणी करता येते.

सराव कसा करायचा ते सांगतो. शब्दांच्या जोड्या पाठ करणं आजपासून थांबवा. रोजच्या वर्तमानपत्रातलं एखादं साधं वाक्य घ्या आणि त्यातल्या एका नामाचं वचन बदला. मग त्यामुळे वाक्यात आणखी काय काय बदलावं लागतं ते बदलत जा. आकारान्त विशेषणं बदलतात, ‘हुशार’, ‘सुंदर’, ‘लाल’ असली बदलत नाहीत, हे आपोआप हाताला लागतं. सुरुवातीला हे वाक्य घ्या:

त्या विद्यार्थ्याने आपली जुनी वही शोधली, पण ती सापडली नाही.

विद्यार्थी आणि वही दोन्ही अनेकवचनी केल्या की होतं: त्या विद्यार्थ्यांनी आपल्या जुन्या वह्या शोधल्या, पण त्या सापडल्या नाहीत. ‘पण’ आणि पहिला ‘त्या’ सोडून एकही शब्द जागचा राहिला नाही. पहिला ‘त्या’ का बदलला नाही आणि दुसरा ‘त्या’ कुठून आला, हे कागद न घेता सांगता आलं तर वाक्यांचे प्रश्न तुम्हाला जड जाणार नाहीत. पहिल्याचं उत्तर ‘विद्यार्थ्याने’तल्या प्रत्ययात आहे, दुसऱ्याचं वहीच्या लिंगात. अडलात तर तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवा, नियम नको.